जॅबेझचा श्वास

बँडच्या स्पर्धेत परीक्षकाच्या तंबूला खिडकी नसते. जाड कॅनव्हासचा, चारही बाजूंनी दोऱ्या आवळलेला तो चौकोनी तंबू मैदानाच्या मधोमध उभा करतात. आत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग, एक शिट्टी. परीक्षक एकदा आत गेला की शेवटच्या बँडचा शेवटचा सूर विरेपर्यंत बाहेर येत नाही. कुठला बँड कितवा वाजवणार याच्या चिठ्ठ्यासुद्धा तो आत गेल्यावरच काढतात. लघुशंकेला जायची वेळ आलीच, तर दोघं जण त्याच्या डोक्यावर घोंगडी धरून नेतात आणि तशीच घोंगडी धरून परत आणतात. ऐकायचं आणि गुण द्यायचे. बघायचं काही नाही. बेंटन फ्लॅटच्या लोकांचा या तंबूवर चर्चइतकाच विश्वास होता, आणि खाणी बंद पडून गाव अर्धं रिकामं झालं तरी तंबू दर वर्षी ऑक्टोबरात उभा राहतच होता.

१९७१ च्या ऑक्टोबरात त्या तंबूत जायची पाळी व्हिडा ट्रेलोरवर आली. ठरलेले परीक्षक ॲडलेडहून यायचे होते. ते आदल्या दिवशी घराची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडले. स्पर्धेचे सेक्रेटरी जॉस उरेन संध्याकाळी टोपी हातात धरून व्हिडाच्या दारात उभे राहिले.

"जॉस, माझी मुलगी पोर्ट हॅलमच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवते," व्हिडा म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे की. म्हणून तर तंबू आहे."

"आणि लोक?"

"लोक काय, पाऊस पडला तरी आम्हालाच बोलतात. या भागात तुमच्याइतकं कुणाला कळतं, सांगा बरं?"

व्हिडाने हो म्हटलं. 

सकाळी मैदानावर चहाच्या टेबलापाशी पहिली गाठ पडली ती क्लेम बोसान्कोशीच. क्लेम वॉलरिंगच्या बँडचा पुढारी. लहानपणी व्हिडाच्या वडिलांकडे, जॅबेझ पेनबर्थींकडे, ती दोघं एकाच बाकावर बसून कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, शिकली होती. पुढे क्लेमचे दात गेले. दात नसले की कॉर्नेट वाजत नाही, म्हणून गेली कित्येक वर्षं तो ढोल बडवत होता.

"काय गं व्हिडा, आज कुंपणालाच शेत राखायला बसवलंय म्हणे?" चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला.

"तंबूत बसल्यावर मला माझे पायसुद्धा दिसत नाहीत, क्लेम."

"पाय नसतील दिसत. पण लेकीचा सूर? आई आहेस का टेलिफोनचा खांब?"

"तू आपला ढोल सांभाळ. तो बहिऱ्यालाही ओळखू येतो."

माणसं हसली. क्लेमही हसला, पण तोंडावर हात धरून. बोटांच्या फटीतून पांढरेशुभ्र दात चमकले.

"कवळी बसवलीस वाटतं?"

"मटण चावायला." मग हात खाली करून, हसू पुसून टाकून तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. पोर्ट हॅलम पहिला आला ना, तर मी स्टेजसमोर उभा राहून विचारणार. सगळ्यांच्या देखत. मग म्हणू नकोस की क्लेमनं आधी सांगितलं नव्हतं."

 तिने कप खाली ठेवला तसा बशीत चहा सांडला. ती वळली, तर मागे मेरिल उभी. निळा गणवेश, काखेत कॉर्नेटची पेटी. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, मी आज वाजवत नाही. दुसऱ्याला बसवू देत माझ्या जागी."

"काही नको. तुझ्या बँडनं काय पाप केलंय? वाजव."

"मग एक कर." मेरिल आईकडे न बघता म्हणाली, "आत बसून मला शोधू नकोस."

"नाही शोधणार."

असं वचन देणं सोपं असतं. कान काही डोळ्यांसारखे मिटून घेता येत नाहीत.

व्हिडाचा जन्म खाणी बंद पडायच्या आधीचा. वडील जॅबेझ तांब्याच्या खाणीत खाली उतरायचे आणि वर आले की गावाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. खाणीच्या धुळीने त्यांची छाती कायमची भरून गेली होती. चढा सूर घ्यायचा तर श्वास पुरायचा नाही. सगळे वाजवणारे ओळ संपली की श्वास घेतात. जॅबेझ मात्र ओळ चढत चढत अगदी वरच्या सुराच्या उंबरठ्यावर आली की थबकायचे, चटकन एक श्वास चोरायचे आणि मग तो वरचा सूर ताजा, भरघोस काढायचे. जिना चढणारा म्हातारा शेवटच्या पायरीआधी थांबतो ना, तसं. खरं तर ते आजारपण होतं. पण ऐकणाऱ्यांना ते आवडायला लागलं, आणि शिष्यांनी धडधाकट छाती असूनही तो श्वास उचलला. व्हिडाने उचलला. पुढे तिने तो मेरिलला दिला. मेरिलने आजोबांना पाहिलेलंही नव्हतं, पण त्यांचा दमा तिच्या वाजवण्यात होता.

युद्धात पुरुष गेले तेव्हा बँडला माणसं पुरेनात, म्हणून व्हिडाला घेतलं. त्या बँडमधली ती पहिली बाई. पुढची खुर्ची, कॉर्नेटची, तिला मिळाली. पुरुष परत आले तेव्हा सभा भरली आणि क्लेम बोसान्को, तेव्हा त्याचे दात शाबूत होते, उठून म्हणाला, "बाईमाणसानं आता खुर्ची सोडावी. आम्ही काही मजा मारायला गेलो नव्हतो." कुणी त्याला अडवलं नाही. व्हिडाने खुर्ची सोडली आणि कॉन्व्हेंट शाळेत मुलींना संगीत शिकवायची नोकरी धरली. ती मेथडिस्ट चर्चची, पण कॅथलिक नन्सनी तिचा पंथ विचारला नाही, सूर तपासला. नवरा लवकर गेला. शाळा, शिकवण्या, मेरिल, असं आयुष्य गेलं. क्लेमशी ती हसूनच बोले. राग ठेवला नव्हता, असं तिला वाटे.

एक गोष्ट मात्र तिला विसरता येत नसे. मेरिल दहा वर्षांची असताना शाळेच्या स्पर्धेत व्हिडाच परीक्षक होती. मेरिल सगळ्यांत चांगली वाजवून गेली, आणि व्हिडाने तिला दुसरा नंबर दिला. लोक काय म्हणतील! घरी आल्यावर मेरिलने बूट काढता काढता विचारलं, "आई, मी चुकले कुठे? म्हणजे पुढच्या वेळी ते नीट करीन." व्हिडाला एकही चूक सांगता आली नाही. ती म्हणाली, "जेवायला बस." त्या प्रश्नाची तिला अजून भीती वाटत होती.

तंबूत तिच्याबरोबर एनिड रॉ होती. टपालखात्यातून निवृत्त झालेली, कमी बोलणारी बाई. तिचं काम एवढंच की परीक्षक बोलेल ते लिहायचं. संगीतातलं तिला काही कळत नसे आणि ते ती अभिमानाने सांगे.

"तयार?" बाहेरून उरेनचा आवाज आला. "नंबर एक!"

व्हिडाने शिट्टी वाजवली.

सातही बँडना एकच रचना वाजवायची होती. सुरुवातीला धडाक्याचं कवायतीचं संगीत, मध्ये संथ भाग, त्यात एकट्या कॉर्नेटची चढत जाणारी ओळ, मग पुन्हा धडाका. तंबूत दवाने भिजलेल्या गवताचा आणि कॅनव्हासचा वास कोंदला होता. ऊन चढलं तसं आत भट्टी झाली. माशा पाण्याच्या जगावर बसत होत्या. बाहेर झाडावर मॅगपाय पक्ष्यांची घरटी होती; मधूनच एखादा पक्षी कुणाच्या तरी टोपीवर झेपावत असावा, कारण लोक ओरडायचे आणि मग हसायचे.

पहिला बँड बेताचा होता. दुसरा चांगला. त्याला तिने नव्वद दिले. तिसऱ्याचा ढोल पळत होता. त्यात ताल असा नव्हताच.

चौथा सुरू झाला. धडाका नेटका होता. मग संथ भाग आला, आणि ती कॉर्नेट पायरी पायरीने चढायला लागली. व्हिडा पेन्सिल खाली ठेवून ऐकत राहिली. शेवटच्या सुराच्या उंबरठ्यावर कॉर्नेट थबकली. एक चोरटा श्वास. आणि मग तो वरचा सूर, ताजा, भरलेला.

 मेरिल!

 ओळखायचं नाही असं ठरवलं होतं, पण ओळखणं काही हातात नसतं. रचना संपेपर्यंत तिने कान देऊन ऐकलं. पण मधूनमधून क्लेमचा आवाज ऐकू येत होता. आई आहेस का टेलिफोनचा खांब? बाहेर टाळ्या पडल्या. एनिडने पेन उचललं.

"बोला."

व्हिडा बोलली. जे ऐकलं ते बोलली. "सुरुवात एकजीव. संथ भाग आजचा सगळ्यांत उत्तम. कॉर्नेट मनाला भिडते. शेवट नेटका." शब्द आपोआप येत गेले.

"गुण?"

तिच्या तोंडून निघालं, "अठ्ठ्याऐंशी."

एनिडने लिहिलं. तिने पेन टेकवलं आणि खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. झालं. आता कुणी काही बोलू शकणार नाही, व्हिडाने मनाला सांगितलं. 

पाचवा बँड झाला. सहावा आला. धडाका ठीक होता, पण संथ भागात कॉर्नेट चढता चढता आक्रसत गेली. श्वास घ्यायच्या जागी तिने घेतला नाही, वरच्या सुरापर्यंत कशीबशी रेटत नेली, आणि तो सूर थरथरला, फाटता फाटता वाचला. इथे व्हिडाला कसलीच भीती नव्हती. परक्या माणसाला गुण देणं किती सोपं असतं! ती भराभर बोलून गेली.

"कॉर्नेट भित्री आहे. श्वास हवा तिथे घेतलाच नाही. कुणीतरी चोरी पकडील अशी धास्ती असल्यासारखं वाजवलं. गुण सत्त्याऐंशी."

सातवा संपला. बाहेर माणसांचा गलबला वाढला. पेस्टीच्या, म्हणजे मटण-कांदा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, भट्टीचा वास तंबूत शिरला. आता नियमाप्रमाणे एनिडने सगळी टिपणं एकदा मोठ्याने वाचायची, परीक्षकाने ऐकायची आणि सही करायची.

एनिड टपालातल्या तारा वाचाव्यात तशा एकसुरी आवाजात वाचत होती. "नंबर दोन. चांगली शिस्त. संथ भाग थोडा कोरडा. गुण नव्वद." पान उलटलं. "नंबर चार. सुरुवात एकजीव. संथ भाग आजचा सगळ्यांत उत्तम. कॉर्नेट मनाला भिडते. शेवट नेटका. गुण अठ्ठ्याऐंशी." पान उलटलं. तिच्या आवाजात काहीच फरक नव्हता. ती पुढे वाचत गेली. व्हिडाला पुढचं ऐकू आलं नाही.

सगळ्यांत उत्तम, आणि अठ्ठ्याऐंशी.

समोर मेरिल दिसली. दहा वर्षांची, एक बूट हातात. आई, मी चुकले कुठे?

"एनिड," ती म्हणाली, "चार नंबर. तिथे एक्क्याण्णव करा."

एनिडने वर पाहिलं. "एक्क्याण्णव म्हणजे पहिला येतो तो."

"हो."

"खाडाखोड झाली. शेजारी सही लागेल तुमची. बाहेर सगळ्यांना दिसेल."

पहिल्या नंबरच्याच आकड्यावर खाडाखोड, आणि शेजारी आईची सही! क्लेम तो कागद हातात धरून मैदानभर नाचवील. मेरिलचं बक्षीस तिच्याच अंगावर उलटेल. इथे जिंकून राज्याच्या स्पर्धेला पोर्ट हॅलम गेला तरी मागून लोक म्हणतील, आईने पाठवलं. आपलेच दात, आपलेच ओठ. सही करू नये, सोडून द्यावं, अठ्ठ्याऐंशी काही वाईट नाहीत. कुणाला कळणार आहे?

"करायची का?" एनिडने विचारलं. "मला काय, कसंही चालेल. फक्त घाई करा, मला घोंगडीखालून जायचं नाहीये."

व्हिडाने सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की ते तिचं तिलाच ओळखू येईना.

तंबूची दोरी सुटली आणि उजेड डोळ्यांत घुसला. स्टेजपर्यंतचं अंतर ती कशी चालली ते तिला कळलं नाही. खाली सातही बँड आपापल्या गणवेशात गवतावर बसले होते. निळे पोर्ट हॅलमचे. लाल वॉलरिंगचे. तिने कुठेच बघितलं नाही. इथली रीत अशी, की परीक्षक आधी नंबरांवरून टिपणं वाचतो, मग निकाल सांगतो, आणि कुठला नंबर कुणाचा ते सेक्रेटरी पाकीट फोडून सगळ्यांत शेवटी सांगतात. म्हणजे परीक्षकाने सगळं बोलून टाकलेलं असतं. मग मागे फिरता येत नाही.

व्हिडाने वाचलं.  सहा नंबरचं टिपण आलं तेव्हा ती वाचून गेली, "कॉर्नेट भित्री आहे. कुणीतरी चोरी पकडील अशी धास्ती असल्यासारखं वाजवलं." मैदानावर हशा पिकला. हसू ऐकून तिला जरा धीर आला.

"तिसरा, नंबर सात. दुसरा, नंबर दोन. पहिला," तिने कठड्याला धरलं, "नंबर चार."

जॉस उरेननी पाकीट फोडलं. आता क्लेम उठेल. ती त्याची वाट बघत उभी राहिली, मान खाली घालून, वर्गात छडी खायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी.

"नंबर चार," उरेन म्हणाले, "वॉलरिंग!"

लाल गणवेश एकदम उसळले. टोप्या हवेत उडाल्या. व्हिडाला काही समजेना. वॉलरिंग? वॉलरिंगमध्ये तो श्वास कुणाचा? आणि मग तिने पाहिलं, क्लेम बोसान्को माणसांच्या खांद्यांवर होता, आणि त्याच्या हातात ढोलाची काठी नव्हती, कॉर्नेट होती.

पहिल्यांदा आला तो सुटकेचा श्वास. तो छातीत पुरता उतरलाही नव्हता, तोच दुसरा प्रश्न आला. मग मेरिल कितवी?

उरेन वाचतच होते. "नंबर पाच, कूरंगा. नंबर सहा, पोर्ट हॅलम."

व्हिडाने निळ्या गणवेशांकडे पाहिलं. सगळे वर बघत होते. मेरिल आपल्या बुटांकडे बघत होती.

क्लेम धापा टाकत स्टेजवर चढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कवळी किंचित सैल झाली होती.

"ओळखलंस ना, व्हिडा? जॅबेझ काकांचा श्वास! दोन हिवाळे शेडमध्ये कोंडून घेतलं मी. बायकोला वाटलं मला वेड लागलं."

"तू सकाळी काही बोलला नाहीस."

"कसा बोलणार? अगं, मला तुझीच भीती. म्हटलं, ही माझा श्वास ऐकेल, ओळखेल आणि त्या खुर्चीचा सूड काढेल. म्हणून तर आधीच आरडाओरडा केला, की तू आपली लेकीच्या काळजीत राहशील." तो खजील होऊन हसला. "तसा मी हलकटच. पण तू न्यायी आहेस. मी सगळ्यांना सांगणार आहे. व्हिडा ट्रेलोर न्यायी बाई आहे!"

तो खाली पळाला.   व्हिडाच्या मनात एकच आकडा फिरत होता. तंबूत तो श्वास क्लेमचा आहे हे कळलं असतं, तर आपण किती दिले असते? राग ठेवला नव्हता, असं तिला वाटत आलं होतं. पण एक्क्याण्णव? त्याला? खाडाखोड करून, शेजारी सही करून? तिला उत्तर माहीत होतं, आणि ते तिला कुणाला सांगायचं नव्हतं. आणि मेरिलचं आहे म्हणून एक्क्याण्णव केले, तेही खरे कशावरून? आधी भीतीने कापले, मग लाजेने चढवले. त्या वरच्या सुराचे स्वतःचे असे किती होते?

ती स्टेजच्या पायऱ्या उतरली. खाली मेरिल कॉर्नेटची पेटी घेऊन उभी होती. सकाळसारखी नजर चुकवत नव्हती.

"कितव्याला तुला वाटलं की मी आहे?" मेरिलने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तंबूत मी कुणाला शोधलंच नाही, असं म्हटलं असतं तर वचनही पाळल्यासारखं झालं असतं.

"चौथ्याला," व्हिडा म्हणाली.

 मेरिलला हसू आलं आणि अर्ध्यातच ते थांबलं. "म्हणजे तू क्लेमकाकाला मी समजलीस! कवळीवाल्याला!"

"तू श्वास का नाही घेतलास, मेरिल? तुझी ती जागा. लहानपणापासून कधी चुकली नाहीस."

"घेतला असता तर तू ओळखलं असतंस."



"सकाळी तुझा हात कापत होता, आई. कप खाली ठेवलास तेव्हा बशीत चहा सांडला. म्हटलं, आज दुसऱ्या कुणासारखं वाजवावं. कुणाही परक्यासारखं. म्हणजे तुला निवांत गुण देता येतील." तिने पेटीचा पट्टा खांद्यावर ओढला. "आता बँडमध्ये सगळे विचारतायत, तुला झालं काय. पुढची खुर्ची राहील की नाही कोण जाणे. मी काय सांगू त्यांना?"

"मी सांगते. आत्ता सांगते उरेनना, सगळ्यांना."

"काय सांगशील? की मला न ओळखता तू मला बरोबर गुण दिलेस?" मेरिलच्या आवाजात राग नव्हता, हेच व्हिडाला सहन होईना. "ते बरोबरच होते ना? मी तशीच वाजवली. भित्री."

या वेळी व्हिडाने 'जेवायला बस' म्हटलं नाही. "हो," ती म्हणाली. "तशीच वाजवलीस. गुण बरोबर होते. चूक मी सांगू शकते, आणि ती चूक माझ्यामुळे झाली."

मेरिलने मान हलवली. एकोणीस वर्षांनी का होईना, विचारल्याचं उत्तर मिळालं होतं. ते तिला हवं होतं तसं होतं का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मागे शिट्टी झाली. जिंकलेल्या बँडने तोच संथ भाग पुन्हा वाजवायचा, ही इथली शेवटची रीत. माणसं हातातल्या पेस्ट्या खाली धरून गप्प झाली. लाल गणवेशातला क्लेम पुढच्या खुर्चीवर बसला. त्याने जिभेने कवळी जागेवर बसवली आणि कॉर्नेट ओठाला लावली.

व्हिडा कान देऊन उभी राहिली. आता तरी कळायला हवं होतं. आता भीती नव्हती, लाज नव्हती, वाजवणारा डोळ्यांसमोर होता. एक्क्याण्णव की अठ्ठ्याऐंशी की आणखी काही? ती ओळ चढायला लागली. तिने डोळे मिटले. तिला वडील ऐकू आले, धुळीने भरलेली छाती घेऊन जिना चढणारे. तिने डोळे उघडले. तिला तो ऐकू आला, ज्याने तिची खुर्ची काढून घेतली होती. सूर एकच होता. गुण काही केल्या जुळेना.

पुन्हा कधी तंबूत बसायचं नाही, असं तिने तिथेच ठरवलं. पण त्याने आजचं भय जाईना. उलट ते आता मागे मागे, साऱ्या आयुष्यात दिलेल्या प्रत्येक आकड्याला जाऊन भिडत होतं. कॉन्व्हेंटच्या किती मुली, किती इयत्ता!

कॉर्नेट वरच्या सुराच्या उंबरठ्यावर येऊन थबकली. क्लेमने श्वास चोरला.

आणि व्हिडाच्या शेजारी, अगदी कानाशी, हातात कॉर्नेट नसताना, मेरिलनेही तो घेतला.